मुलांच्या कॅम्पला ‘सोबत’ जाताय? मग निघण्याआधी ही तयारी तुमचीही हवी

‘कॅम्पला मुलांसोबत दोन पालक हवे आहेत. कोण येऊ शकेल?’

दिवाळी झाली की शाळेच्या, सोसायटीच्या किंवा ट्रेकिंग ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर हा मेसेज हमखास येतो. कोणीतरी ‘मी येतो’ म्हणतं, चार जण अंगठा दाखवतात आणि विषय संपतो. मुलांना सामानाची लांबलचक यादी मिळते. टॉर्च, स्वेटर, ताट-वाटी, टोपी. सोबत जाणाऱ्या मोठ्यांना मात्र बहुतेक वेळा फक्त बस सुटण्याची वेळ कळवली जाते.

तंबूतल्या मुक्कामात मुलांची सुरक्षितता ज्यांच्यावर अवलंबून असते, त्यांचीच तयारी सगळ्यात कमी असते. ती कशी करायची, ते समजून घेऊया.

मोठी माणसं सोबत असणं पुरेसं का नाही?

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून मुरूडला सहलीला गेलेले १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. त्यात १२ मुलं आणि २ शिक्षिकांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण बसवले होते आणि अनेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं.

दोन्ही सहलींमध्ये मुलं एकटी नव्हती. शिक्षक सोबत होते. त्यामुळे ‘कोण सोबत आहे?’ एवढंच विचारून भागत नाही. कोण मोजणार, कोणाची नजर कुठे असणार आणि ‘नाही, हे करायचं नाही’ असं म्हणण्याचा अधिकार कोणाला, हेही विचारावं लागतं. या प्रश्नांची उत्तरं घाटात किंवा किनाऱ्यावर पोहोचल्यावर शोधायची नसतात. ती घरून निघण्याआधी ठरवायची असतात.

किती मुलांमागे किती मोठे?

याचा अंदाज घ्यायला ब्रिटनमधल्या स्काउट संघटनेचं उदाहरण घेता येईल. तिथे बाहेरच्या उपक्रमांसाठी ८ ते साडेदहा वर्षांच्या ८ मुलांमागे किमान एक मोठी व्यक्ती लागते. त्यापुढे १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हे प्रमाण १२ मुलांमागे एक असं आहे. प्रमुख या हिशेबात धरला जात नाही, तो वेगळा. अमेरिकेतल्या स्काउट संघटनेत गट कितीही लहान असला, तरी किमान दोन मोठे लागतातच.

प्रमुख वेगळा का, हे एका उदाहरणावरून कळेल. एका मुलाला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, तर त्याच्यासोबत एक मोठा जाणार. मग बाकीच्या मुलांपाशी कोण? हिशेब कायम एक माणूस कमी झाला आहे असं धरून करा. मुक्कामी कॅम्पमध्ये मुली असतील, तर सोबत महिला हवीच.

निघण्याआधीच्या बैठकीत काय ठरवायचं?

आठवडाभर आधी सगळ्या मोठ्यांनी तास-दीड तास एकत्र बसावं आणि एवढं तरी ठरवावं:

- प्रमुख कोण? एकच व्यक्ती. तिने ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं. मुलांसमोर वाद घालायचा नाही.
- गट कोणाकडे? प्रत्येक मोठ्याकडे ठरावीक मुलं, नावानिशी. स्वतःचं मूल शक्यतो दुसऱ्याच्या गटात द्या. नाहीतर संकटात आपण आधी आपल्याच मुलाकडे धावतो आणि बाकीची सात मागे राहतात.
- कोणाला काय त्रास? दमा, फिट्स, ॲलर्जी, रोजची औषधं, झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं. ही माहिती पालकांकडून लेखी घ्या, पण ग्रुपवर टाकू नका. दम्याचा पंप बसच्या डिकीत नाही, मुलाच्या किंवा गटप्रमुखाच्या खिशात हवा.
- जवळचा दवाखाना कुठला? फक्त नकाशावर बघू नका, फोन करा. रात्री डॉक्टर असतात का आणि सर्पदंशावरची लस आहे का, हे विचारा.
- रात्री गाडी कुठे असेल? मुक्कामाच्या जागी एक गाडी आणि चालक असायलाच हवा. १०८ ची ॲम्ब्युलन्स दुर्गम भागात पोहोचायला वेळ लागू शकतो.

कॅम्प खासगी आयोजकाचा असेल, तर आणखी एक प्रश्न विचारा. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. नोंदणीचा कागद मागायला संकोच करू नका.

‘सगळे आले का?’ हा प्रश्न का विचारायचा नाही?

कारण जो आलेला नाही, तो उत्तर देऊ शकत नाही. बाकीची मुलं मात्र एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतात आणि बस सुटते.

त्यापेक्षा प्रत्येक मुलाला एक कायमचा क्रमांक द्या आणि एक जोडीदार ठरवून द्या. मोजताना क्रमांक पुकारायचे. दोन मोठ्यांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडे ताडून बघायचे. बसमध्ये चढल्यावर, उतरल्यावर, चालायला लागण्याआधी, प्रत्येक विश्रांतीनंतर, पाण्यातून बाहेर आल्यावर, झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर मोजणी करायचीच. कंटाळा आला तरी.

चालताना एक मोठा सगळ्यांच्या पुढे आणि एक सगळ्यांच्या मागे. पुढच्याच्या पुढे कोणी जायचं नाही, शेवटच्याच्या मागे कोणी राहायचं नाही. वाट फुटते तिथे पुढच्याने शेवटचा माणूस येईपर्यंत थांबायचं. सह्याद्रीत ढोरवाटा इतक्या आहेत, की चुकीच्या वाटेला लागायला दोन मिनिटं पुरतात.

पाण्याजवळ काय?

सगळ्यात सोपा नियम म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमात नसेल, तर पाण्यात उतरायचं नाही. ‘फक्त पाय भिजवतो’ यालाही परवानगी नाही. धरणाच्या आणि तलावाच्या काठाला खोली अचानक वाढते. समुद्राला साधारण सहा-सहा तासांनी भरती-ओहोटी येते आणि त्यांची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल सकाळी जिथे वाळू होती, तिथे आज त्याच वेळी पाणी असू शकतं. पावसाळ्यात वर डोंगरात पाऊस झाला, तर खाली कोरडं असतानाही ओढा फुगतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले होते.

बोटीत बसायचं असेल, तर लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर आणि पट्टे बांधलेलं हवं. एक जॅकेट कमी असेल, तरी बोट सुटणार नाही. ‘साहेब, पाच मिनिटांचं तर अंतर आहे’ असं बोटवाला म्हणेल. मुलंही आग्रह करतील. प्रमुखाने ठाम राहायचं ते याच क्षणी.

मुलं पाण्यात असताना एका मोठ्याचं काम फक्त बघत राहणं. फोटो नाही, फोन नाही. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही. ते गुपचूप खाली जातं. वाचवायला उडी मारण्याऐवजी दोर, रिकामा कॅन, काठी किंवा ओढणी फेका. बाहेर काढल्यावर उलटं टांगू नका, पोट दाबू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुफ्फुसात जाण्याची भीती असते. श्वास बंद असेल, तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब द्यावा लागतो. हे प्रशिक्षण किमान दोघांनी आधी घेतलेलं हवं.

रात्री तंबूत कशाची काळजी घ्यायची?

नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार हे महाराष्ट्रात आढळणारे चार प्रमुख विषारी साप. त्यातला मण्यार रात्री फिरतो आणि झोपलेल्या माणसाला चावला, तरी कित्येकदा दुखतही नाही. मध्यरात्री मूल पोटात दुखतंय म्हणत असेल आणि त्याच्या पापण्या जड होत असतील, तर ‘जेवण बाधलं असेल’ म्हणून सकाळची वाट बघू नका. जखम कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काहीही न करता, हात-पाय न हलवता थेट दवाखाना गाठा. साप मारून सोबत नेण्याची गरज नसते.

विंचवाचं विषही मुलांसाठी जीवघेणं ठरू शकतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाच्या उपचारात मोठा बदल घडवला. पण तो उपचार दवाखान्यातच मिळतो. बूट झटकून घालणं, तंबूची चेन कायम बंद ठेवणं आणि रात्री टॉर्चशिवाय पाऊल न टाकणं ही सवय पहिल्याच संध्याकाळी लावा.

थंडी कितीही असो, पेटती शेगडी किंवा निखारे तंबूत न्यायचे नाहीत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतला माणूस उठतच नाही.

मुलांना मोठ्यांपासूनही सुरक्षित ठेवायचं, म्हणजे कसं?

याबद्दल बोलायला आपण कचरतो, पण बोलायलाच हवं. नियम सोपे आहेत. मोठे आणि मुलं एका तंबूत झोपणार नाहीत. कोणताही मोठा एकट्या मुलाला घेऊन बाजूला जाणार नाही. बोलायचं असेल, तर इतरांना दिसेल अशा जागी. कपडे बदलण्याची जागा वेगळी. कॅम्प संपेपर्यंत दारू नाही, ‘मुलं झोपल्यावर’सुद्धा नाही.

हे नियम सगळ्यांना लागू असतात, म्हणून त्यात कोणावर संशय नसतो. उलट चांगल्या माणसालाही त्यांचं संरक्षण मिळतं.

एखाद्या मुलाने काही सांगितलं, तर ऐकून घ्या. उलटतपासणी करू नका आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलगा किंवा मुलगी, कोणावरही लैंगिक अत्याचार झाल्याचं कळल्यास पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

मग ‘मी येतो’ म्हणायचं की नाही?

जरूर म्हणा. चांदण्याखाली झोपणं, चुलीवरचा भात, घरापासून दूर काढलेली पहिली रात्र मुलांना आयुष्यभर पुरते. पण आपण सहलीला जात नाही, ड्यूटीवर जातोय, हे मनाशी पक्कं असू द्या. दमून झोप येईल, फोटो काढायचे राहतील, मुलं ‘काका फार कडक आहेत’ म्हणतील. म्हणू द्या. परतल्यावर बसमधून शेवटचं मूल त्याच्या आईच्या हाती देईपर्यंत तुमची मोजणी संपलेली नसते.