मिठाचा हिशेब

पोस्ट जरा मोठी आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात लेकीने जाहीर केलं, "आई, मला पर्यावरणशास्त्र घ्यायचंय. पिण्याच्या पाण्यावर काम करायचंय." माझ्या तोंडून निघालं ते आपल्या सगळ्यांच्या तोंडून निघतं तेच: "त्यात स्कोप काय?" ती वाद घालत बसली नाही. एक नाव दिलं, एलेन स्वॉलो रिचर्ड्स. म्हणाली, वाच. मी सीए बाई, रसायनशास्त्र बारावीतच सुटलेलं. पण रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसले.

एलेनचा जन्म १८४२ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या डन्स्टेबल गावचा. १८७० मध्ये तिला एमआयटीत प्रवेश मिळाला. तिथली ती पहिली विद्यार्थिनी. तिच्याकडून फी घेतली नाही. तिला वाटलं, आपली परिस्थिती बेताची म्हणून सवलत दिली असेल. खरं कारण तिला नंतर कळलं. कोणी तक्रार केलीच, तर "ही आमची विद्यार्थिनीच नाही" असं म्हणता यावं, म्हणून! पावतीच फाडली नाही, तर व्यवहार झालाच कुठे? असल्या नोंदी आम्ही ऑडिटर लोक लगेच ओळखतो.

तरी १८७३ मध्ये तिने पदवी घेतली आणि १८८४ पासून तिथेच स्वच्छता-रसायनशास्त्र शिकवू लागली.

तेव्हा शहरं नदीत सांडपाणी सोडत आणि खालच्या अंगाची शहरं तेच पाणी पीत. मेरिमॅक नदीवर वर लॉवेल, खाली लॉरेन्स. टायफॉइडने माणसं मरत होती. १८८७ मध्ये राज्याच्या आरोग्य मंडळाने सगळ्या राज्यातलं पाणी तपासायला घेतलं. प्रमुख होते थॉमस ड्राउन, पण प्रयोगशाळेची रोजची जबाबदारी एलेनवर. गावोगावचे नमुने महिन्यामागून महिने येत, असे हजारो. प्रत्येकाची तपासणी, प्रत्येकाची नोंद.

आता खरी गंमत. आपण मीठ खातो, ते शरीरातून बाहेर पडतं आणि सांडपाण्यात जातं. बाकीची घाण जमिनीत कुजते, तिचं रूप बदलतं. मिठातलं क्लोराइड मात्र जसंच्या तसं पाण्याबरोबर पुढे जातं. पण समुद्राच्या वाऱ्यानेही पाण्यात थोडं मीठ येतंच. मग यातलं माणसाचं कोणतं आणि समुद्राचं कोणतं?

त्यासाठी वस्तीपासून लांबच्या, स्वच्छ पाण्याचे आकडे नकाशावर मांडले. किनाऱ्याजवळ प्रमाण जास्त, आत जावं तसं कमी. सारख्या प्रमाणाच्या जागा रेषांनी जोडल्या. हाच तो 'नॉर्मल क्लोरीन' नकाशा. (आज नळाच्या पाण्यात जंतू मारायला घालतात तो क्लोरीन वेगळा.) एखाद्या विहिरीचा आकडा तिथल्या रेषेपेक्षा जास्त आला, की समजायचं, वरून कुठूनतरी सांडपाणी झिरपतंय. अपेक्षित रक्कम इतकी, प्रत्यक्ष इतकी, मग फरक कुठून आला? मंडळी, मी वीस वर्षं हेच करतेय!

हे मीठ काही कोणाला मारत नव्हतं. ते फक्त चुगली करत होतं. रोग थांबवायला इलाज वेगळा लागला: १८९३ मध्ये लॉरेन्सला नदीचं पाणी वाळूतून गाळून द्यायला सुरुवात झाली आणि टायफॉइडचे मृत्यू झपाट्याने उतरले. पण इलाज कुठे हवा आणि तो लागू पडला का, हे कळायला आधी कोणीतरी कंटाळा न करता मोजत बसावं लागतं.

आपण अमेरिकेत नळाला सरळ ग्लास लावतो. लहानपणी आईने उकळून, गाळून माठात भरलेलं पाणी आठवा. ते काम इथे कोण करतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. इथल्या सार्वजनिक पाणीपुरवठ्याला दरवर्षी १ जुलैपर्यंत ग्राहकांना पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल द्यावा लागतो. बिलाबरोबर आलेला तो कागद मी आजवर न उघडता टाकून देत आले. मी, जी दुसऱ्यांच्या ताळेबंदातल्या तळटीपासुद्धा वाचते!

यंदाचा अहवाल आम्ही मायलेकी मिळून वाचला. शिशाच्या आकड्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, "आई, हा काही घरांच्या नळांवरून घेतलेला असतो. आपल्या नळाचं काय, ते आपल्यालाच तपासावं लागेल." नमुना घेऊन प्रयोगशाळेला पाठवलाय.

स्कोपचा प्रश्न मी मागे घेतलाय. तुम्ही तुमच्या गावाचा अहवाल वाचलात का? मुलांना सोबत घेऊन वाचा, आणि काय सापडलं ते इथे लिहा.