पाचशे वर्गणीदारांचं संगीत: जुन्या तबकड्या पुरावा म्हणून कशा वाचायच्या?

१९३१ साली लंडनमध्ये एचएमव्ही कंपनीने एक अजब योजना जाहीर केली. ह्यूगो वोल्फ या संगीतकाराची गाणी तबकडीवर आणायची, पण आधी पाचशे लोकांनी पैसे भरायचे. पाचशे जमले तर ध्वनिमुद्रण होणार, नाही जमले तर नाही. आज याला आपण क्राउडफंडिंग म्हणू. कल्पना होती वॉल्टर लेग याची. वय वर्षं पंचवीस, म्हणजे हा लेख वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या आसपासचंच.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतोय, कारण तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो कुठल्याही विषयात लागू पडतो: आपल्या हातात आलेला डेटा मुळात तयार का झाला? कुणी पैसे दिले म्हणून? कुठल्या यंत्रावर? आणि जो तयारच झाला नाही, त्याचं काय?

आधी दोन शब्द समजून घेऊ

चेंबर संगीत म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाऐवजी दोन-चार-सहा वादकांनी खोलीत बसून वाजवायचं संगीत. त्यातला सगळ्यात प्रतिष्ठेचा प्रकार स्ट्रिंग क्वार्टेट: दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. दुसरा शब्द लीड. एखादी जर्मन कविता घ्यायची, तिला संगीतकाराने चाल द्यायची, आणि एक गायक व एक पियानोवादक यांनी मिळून ती सादर करायची. इथे पियानो नुसती साथ करत नाही, तोही कवितेचा अर्थ सांगत असतो. आपल्याकडचं भावगीत याला जवळचं, पण लीडमध्ये स्वर आणि पियानोचा प्रत्येक भाग लिहून ठेवलेला असतो. वोल्फने (१८६० ते १९०३) अशी तीनशेच्या आसपास गाणी केली. त्यातली मोरिके या कवीच्या कवितांवरची ५३ गाणी बहुतेक एकट्या १८८८ सालात झाली.

भोंगा, चार मिनिटं आणि कात्री

१९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण मायक्रोफोनशिवाय व्हायचं. वादक एका मोठ्या भोंग्यासमोर दाटीवाटीने बसायचे. हवेतल्या कंपनांनी एक पातळ पडदा हलायचा, पडद्याने सुई हलायची आणि सुई मेणात खाच कोरायची. विजेचा काही संबंधच नाही, सगळी ऊर्जा आवाजाची. त्यामुळे अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर नीट उतरत नसत. गायकाचा आवाज आणि ब्रास वाद्यं बऱ्यापैकी यायची, तंतुवाद्यांची मात्र पंचाईत. म्हणून तर भोंगा जोडलेलं स्ट्रो व्हायोलिन स्टुडिओत वापरलं जायचं.

दुसरी अडचण वेळेची. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण चार ते साडेचार मिनिटं मावायची, दहा इंचीवर तीनेक. अर्ध्या तासाच्या क्वार्टेटला आठ बाजू लागणार, म्हणजे चार तबकड्या. इतकं महागाचं प्रकरण घेणार कोण? म्हणून कंपन्या क्वार्टेटचा एखादा लोकप्रिय भाग घ्यायच्या, त्यालाही कात्री लावायच्या आणि एका बाजूत बसवायच्या.

ज्यांना पूर्ण कृती ऐकायची होती, ते यावर चिडून होते. कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी त्यांतलाच. त्याने एप्रिल १९२३ मध्ये 'द ग्रामोफोन' नावाचं मासिक काढलं आणि पुढच्याच वर्षी, १९२४ साली, नॅशनल ग्रामोफोनिक सोसायटी उभी केली. सभासदांनी वर्गणी भरायची, सोसायटीने चेंबर संगीताच्या पूर्ण, न कापलेल्या कृती मुद्रित करायच्या आणि तबकड्या सभासदांनाच द्यायच्या. सुरुवात झाली बेथोव्हेनच्या ओपस ७४ या क्वार्टेटने, वादक स्पेन्सर डाइक क्वार्टेट. पुढे या सोसायटीने तेव्हा हयात असलेल्या संगीतकारांच्या कृतीही घेतल्या. जॉन बार्बिरोली, जो नंतर नामवंत संचालक झाला, तो इथे आधी क्वार्टेटमधला चेलोवादक म्हणून दिसतो आणि नंतर संचालक म्हणून.

सभासद किती? काहीशे. म्हणजे बाजाराच्या हिशेबात नगण्य. पण "पूर्ण कृतीला गिऱ्हाईक आहे" हे या काहीशे लोकांनी दाखवून दिलं. दरम्यान १९२५ मध्ये मायक्रोफोन आला, तंतुवाद्यं आणि पियानो ओळखू येतील असे उतरू लागले, आणि मोठ्या कंपन्या स्वतःच या प्रांतात शिरल्या. १९२६ साली कोर्तो, थिबो आणि कासाल्स या तिघांनी शूबर्टची बी-फ्लॅट ट्रायो एचएमव्हीसाठी वाजवली. छोट्या सोसायटीची गरज हळूहळू संपत गेली.

मंदी आणि लेगची शक्कल

आता १९३१ कडे परत. जागतिक मंदी सुरू आहे, तबकड्यांचा खप कोसळलाय. जुने प्रतिस्पर्धी ग्रामोफोन कंपनी (म्हणजेच एचएमव्ही) आणि कोलंबिया याच वर्षी एकत्र येऊन ईएमआय स्थापन करतात. अशा वेळी वोल्फच्या गाण्यांवर पैसे लावायला कुठला व्यवस्थापक तयार होईल? लेगने मॅकेन्झीचीच वर्गणीची युक्ती मोठ्या कंपनीच्या आत आणली. धोका कंपनीचा नाही, श्रोत्यांचा. पाचशे वर्गणीदार जमले, आणि गंमत म्हणजे त्यांतले शंभराहून जास्त एकट्या जपानमधले होते. पहिल्या संचात एलेना गेरहार्ट गायली. त्या दशकात वोल्फ सोसायटीचे सहा संच निघाले. नंतर महायुद्ध आलं आणि काम थांबलं.

याच पद्धतीने १९३२ ते १९३५ या काळात आर्टुर श्नाबेलने बेथोव्हेनचे ३२ च्या ३२ पियानो सोनाटा मुद्रित केले, आणि बेल्जियमच्या प्रो आर्ट क्वार्टेटने हायडनचे २९ क्वार्टेट.

इथवरची गोष्ट छान आहे: थोड्या वेड्या माणसांनी पदरमोड केली म्हणून एक खजिना वाचला. पण संशोधक म्हणून इथेच थांबलो तर आपण फक्त कौतुक केलं. आता हा खजिना पुरावा म्हणून तपासू.

पहिली तपासणी: कोण नाही?

योझेफ योआखिम हा ब्राम्सचा जवळचा मित्र आणि एकोणिसाव्या शतकातला सर्वांत मानाचा क्वार्टेट-वादक. त्याचं क्वार्टेट १८६९ पासून बर्लिनमध्ये गाजत होतं. १९०३ साली, वयाच्या सत्तरीनंतर, त्याने पाच बाजू मुद्रित केल्या, पण सगळ्या एकल व्हायोलिनच्या. त्याच्या क्वार्टेटची एकही तबकडी नाही. म्हणजे "जुनी क्वार्टेट-वादनशैली" यावर कुणी प्रबंध लिहायला घेतला आणि फक्त तबकड्या मोजल्या, तर ज्याने ही शैली घडवली तोच माणूस नमुन्यातून गायब!

हे आपल्याला नवीन नाही. अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं तबकडीवर आलं नाही. जयपूर घराण्याचा आवाज आपण ऐकतो तो केसरबाई, मोगूबाई अशा शिष्यांच्या तबकड्यांमधून. सांख्यिकीत याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. नमुना मोठा केला की तो जाईल असं वाटतं, पण जात नाही. हजार तबकड्या गोळा केल्या तरी न निघालेली तबकडी त्यांत येणार नाही.

दुसरी तपासणी: यंत्राने काय केलं?

समजा तुमचा प्रश्न आहे: १९३० च्या आसपासचे वादक आजच्यापेक्षा जलद वाजवायचे का? जुन्या तबकड्या ऐकल्या तर अनेकदा तसं वाटतं. पण दोन गोष्टी मध्ये येतात.

एक, बाजूची मर्यादा. भाग चार मिनिटं चाळीस सेकंदांचा असेल आणि तबकडीवर साडेचारच मावत असतील, तर वादक घाई करणारच. मग खरी शैली कुठली आणि घाई कुठली, हे वेगळं कसं करायचं? सोपा उपाय: भागांचे दोन गट करा. ज्यांची लांबी मर्यादेला जेमतेम टेकते ते एका गटात, आणि जे आरामात मावतात ते दुसऱ्यात. जलदपणा फक्त पहिल्याच गटात दिसला तर संशय तबकडीवर घ्या. दोन्हीकडे सारखाच दिसला तर शैलीबद्दल बोलायला थोडा आधार मिळाला. त्याच कलाकाराचं मैफलीतलं किंवा रेडिओवरचं मुद्रण सापडलं तर उत्तमच, कारण तिथे तबकडी उलटायची नव्हती.

दोन, फिरण्याचा वेग. आपण सरसकट "७८ ची तबकडी" म्हणतो, पण त्या सगळ्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. कोलंबियाच्या कितीतरी तबकड्या ८० च्या आहेत. ८० ला मुद्रित केलेली तबकडी ७८ ने वाजवली तर काय होईल? गुणोत्तर ७८/८०, म्हणजे ०.९७५. मिनिटाला १२० ठोक्यांची लय ११७ होईल. चार मिनिटांची बाजू सहा सेकंदांनी लांबेल. स्वरही खाली येईल: काळी एक आणि पांढरी दोन यांच्यात जेवढं अंतर आहे, त्याच्या साधारण ४४ टक्के. कान तयार असेल तर हे लगेच कळतं.

मग स्वर जुळवून वेग दुरुस्त करू, असं तुम्ही म्हणाल. करता येतं, पण त्यासाठी त्या दिवशी वाद्यं कुठल्या पट्टीत लावली होती हे माहीत हवं, आणि तेव्हा ती सगळीकडे एकच नव्हती. म्हणजे एक अज्ञात काढायला दुसरं अज्ञात लागतंय. अशा वेळी एकच आकडा छातीठोकपणे देऊ नका. पट्टीच्या शक्य मर्यादा धरा, प्रत्येकीसाठी लय काढा आणि निष्कर्ष त्या सगळ्या पल्ल्यात टिकतो का ते बघा. प्रयोगशाळेत आपण त्रुटीची मर्यादा लिहितो ना, तेच इथे.

हे काम प्रत्यक्ष करायचं असेल तर लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेलं सॉनिक व्हिज्युअलायझर हे मोफत सॉफ्टवेअर वापरून बघा. वाचायला रॉबर्ट फिलिप यांचं १९९२ चं पुस्तक घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लयीतली लवचिकता आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं किती सर्रास होतं आणि ते पुढे कसं कमी झालं, हे त्यांनी तबकड्या ऐकूनच मांडलंय.

तिसरी तपासणी: लेबल खरं कशावरून?

प्रो आर्टने मुद्रित केलेल्या हायडनच्या २९ क्वार्टेटमध्ये ओपस ३ मधले दोन आहेत. त्यातल्या पाचव्या क्रमांकाचा 'सेरेनेड' म्हणून ओळखला जाणारा भाग तर जगभर हायडनच्या नावावर लोकप्रिय. १९६४ साली अॅलन टायसन आणि रॉबिन्स लँडन या अभ्यासकांनी या क्वार्टेटच्या जुन्या छापील प्रतीच तपासल्या आणि दाखवलं की हे हायडनचं नसावं, रोमान हॉफश्टेटर या एका मठवासी संगीतकाराकडे बोट जातं. आज सर्वसाधारणपणे तेच मानलं जातं.

म्हणजे लेबल चुकीचं, पण तबकडी निरुपयोगी नाही. ती "हायडनने काय लिहिलं" याचा पुरावा नाही, "१९३० च्या दशकात लोक काय हायडन समजत होते" याचा मात्र पक्का पुरावा आहे. एकच वस्तू एका प्रश्नाला खोटी साक्ष देते आणि दुसऱ्याला खरी. डेटा चांगला की वाईट, हे प्रश्न ठरल्याशिवाय सांगताच येत नाही.

तुमच्यासाठी एक स्वाध्याय

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर बेथोव्हेनच्या ओपस १३० क्वार्टेटमधला कावातिना हा भाग आहे, बुडापेस्ट क्वार्टेटने वाजवलेला, ६ मिनिटं ३७ सेकंदांचा. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साधारण साडेतीन मिनिटांची.

या दोन आकड्यांवरून "केसरबाई भैरवी थोडक्यात आटोपत" असं कुणी लिहिलं तर तुम्ही काय उत्तर द्याल? एक पान लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: दोन्ही मुद्रणं कुठल्या तंत्राच्या काळातली, मैफलीतल्या गाण्याशी ताडून बघायला दुसरा कुठला पुरावा मिळेल, आणि तो मिळालाच नाही तर तुमचं विधान किती आखडतं घ्यावं लागेल. मग तेच तीन प्रश्न तुमच्या स्वतःच्या विषयातल्या डेटाला विचारा आणि उत्तरं संशोधन प्रस्तावात घाला. मार्गदर्शक बहुतेक पहिला प्रश्न तिथूनच विचारतील.