लूर्दच्या वाटेवरील आईबाप

डाऊन सिंड्रोम ही संज्ञा ज्यांच्या नावावरून आली, त्या जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज वैद्याने आपला निबंध १८६६ साली प्रसिद्ध केला. चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्यांनी या मुलांचा संबंध मंगोल वंशाशी जोडला आणि ते चुकीचे, अपमानास्पद नाव पुढे शंभर वर्षे चिकटून राहिले. डाऊन निवर्तल्यानंतर, १९०५ साली, त्यांच्याच मुलाच्या घरी याच स्थितीचे बालक जन्मास आले. खरे कारण कळावयास १९५९ साल उजाडावे लागले. जेरोम लेजन, मार्थ गोतिए व रेमों त्युर्पँ या फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले की, या बालकांच्या पेशींत एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. पेशीविभाजनातील हा एक अपघात होय; कोणाच्या पापाचे ते फळ नव्हे.

आईबापांच्या डोक्यावरील दोषाचे ओझे विज्ञानाने असे उतरविले. त्यांचा एकाकीपणा मात्र तसाच राहिला. मूल संस्थेत ठेवा आणि विसरून जा, असा सल्ला पाश्चात्त्य देशांत डॉक्टर सर्रास देत असत. ज्यांनी तो मानला नाही, त्यांना आधार शोधावा लागला तो परस्परांतच. इंग्लंडमध्ये ज्यूडी फ्राइड या मातेने १९४६ साली बालसंगोपनविषयक एका नियतकालिकात पत्र लिहून आपल्यासारख्या पालकांना हाक दिली. त्या पत्राला आलेल्या उत्तरांतूनच, आज मेनकॅप या नावाने ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. आणि ख्रिस्तसभा? ती या इतिहासात पुष्कळ उशिरा आली. तीही आपण होऊन नव्हे.

एकोणीसशे साठच्या दशकाच्या उत्तरार्धातील गोष्ट. एका फ्रेंच दांपत्याला दोन मुलगे होते, दोघेही बौद्धिकदृष्ट्या अत्यंत विकलांग. (त्यांची स्थिती डाऊन सिंड्रोमची नव्हती, परंतु दार बंद करणारे असा भेद करीत नाहीत.) आपल्या धर्मप्रांताच्या यात्रेबरोबर मुलांना लूर्दला न्यावे, अशी त्यांची इच्छा होती. मुलांना काही समजणार नाही आणि इतर यात्रेकरूंना त्रास होईल, या कारणास्तव त्यांना नकार मिळाला. ती माउली व तो पिता आपले आपण निघाले. लूर्दमध्ये एका हॉटेलाने त्यांना ठेवून घेतले खरे, पण जेवण खोलीतच घ्यावे या अटीवर. रस्त्यात लोकांची बोलणी ऐकावी लागली ती निराळीच. रोगपीडितांच्या सेवेसाठी साऱ्या जगात विख्यात असलेल्या तीर्थक्षेत्रात हे घडले, याचा आपण धर्मगुरूंनी थोडा विचार करावा.

ही व्यथा त्यांनी मारी-एलेन मात्यू व जाँ व्हानिए यांना सांगितली. विकलांग व्यक्ती, त्यांचे आईबाप आणि तरुण मित्र यांची एकत्र यात्रा काढावी, असे ठरले. तयारीस सुमारे तीन वर्षे लागली, आणि माझ्या मते या प्रकरणाचे मर्म त्या तयारीतच आहे. लूर्दला सुटेसुटे यावयाचे नव्हते. गावोगावी लहान गट करून, आधी परस्परांच्या घरी जाऊन-येऊन, मग निघावयाचे होते. त्यामुळे, आपल्या मुलाला नावाने हाक मारणारा परका माणूस कित्येक मातांना या गटांतच प्रथम भेटला. १९७१ च्या ईस्टरला १५ देशांतून सुमारे १२,००० यात्रेकरू लूर्दला जमले. त्यांपैकी सुमारे ४,००० बौद्धिकदृष्ट्या विकलांग होते. शहरवासीयांना धास्ती वाटत होती. प्रत्यक्षात मात्र रस्त्यांवर गाणी झाली, नाच झाले.

यात्रा संपताच सर्व काही विसर्जित करावयाचे, अशी मूळ योजना होती. आईबापांनी ती मोडली. घरी परतल्यावर गट भेटतच राहिले आणि त्यातून ‘श्रद्धा आणि प्रकाश’ ही चळवळ निर्माण झाली. महिन्यातून एकदा जमावे, सुखदुःख बोलावे, प्रार्थना करावी, एकत्र खावे-प्यावे आणि मधल्या दिवसांत एकमेकांची विचारपूस करावी, एवढाच तिचा क्रम. इमारत नाही, पगारी नोकर नाहीत. १९७५ च्या पवित्र वर्षात पोप पॉल सहावे यांनी रोम येथे या यात्रेकरूंचे स्वागत केले.

येथे एक कटू गोष्ट नोंदविणे प्राप्त आहे. व्हानिए यांनी १९६४ साली स्थापन केलेल्या ‘लार्श’ संस्थेनेच चौकशी करविली. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे २०२० साली उघड झाले. २०२३ च्या अहवालात अशा स्त्रियांची संख्या किमान २५ दिली आहे. त्या स्त्रिया विकलांग नव्हत्या. पण त्यामुळे अपराध हलका होत नाही. आपण त्यांना संत म्हणून व्यासपीठावरून गौरविले, मीही गौरविले. हा इतिहास एका पुरुषाच्या नावावर लिहिला गेला हीच मुळात चूक झाली. तो त्या हॉटेलच्या खोलीत जेवलेल्या कुटुंबाचा आहे.

आपल्या देशात पालकांच्या संघटनांचा ‘परिवार’ हा महासंघ १९९५ साली स्थापन झाला. “आमच्यामागे याचे कोण?” हा त्यांचा प्रश्न १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऐकला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीसाठी पालक नेमू शकते. ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो.

दीक्षेनंतरच्या माझ्या पहिल्याच धर्मग्रामात, मिस्साच्या वेळी मोठ्याने हसणाऱ्या अशाच एका मुलाच्या आईला मी मागच्या बाकावर बसावयास सांगितले होते. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्यानंतरही नाही. पुष्कळ वर्षांनी मी तिच्या घरी गेलो, तेव्हा मुलगा तिशीला आला होता आणि बाई थकल्या होत्या. मी क्षमा मागितली. त्यांनी ती चहाबरोबर सहज देऊन टाकली आणि उठून फळीवरच्या डब्यातून एक कागद काढला. पालकनियुक्तीचा तो अर्ज कोणीतरी आणून दिल्याला चार वर्षे झाली होती. तो इंग्रजीत होता. “फादर, एवढा भरून द्याल का?” त्यांनी विचारले.