तिरकी पट्टी

माझ्या फोनमध्ये नोट्सची तीन अ‍ॅप्स आहेत आणि टेबलावर एक रफ वही. पगार कोड लिहिण्याचा, पण किचकट बग समोर आला की हात वहीकडेच जातो. ही जुनाट सवय म्हणायची, तर ती फार लोकांना आहे.

१९७५ साली 'बिझनेस वीक'ने भविष्यातल्या ऑफिसवर लेख छापला. झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्राचे प्रमुख जॉर्ज पेक त्यात म्हणाले होते की वीस वर्षांत टेबलावर पडदा आणि कीबोर्ड असेल, बटण दाबलं की कागदपत्रं समोर येतील. छापील प्रती कितपत लागतील कोण जाणे. पडदा आला. पण लेझर प्रिंटरही याच झेरॉक्सने घडवला! पुढे अ‍ॅबिगेल सेलन आणि रिचर्ड हार्पर यांनी पेपरलेस ऑफिसच्या मिथकावर पुस्तक लिहिलं. ईमेल आल्यावर संस्थांमधला कागदाचा वापर सरासरी ४० टक्के वाढतो, असं त्यात आहे.

त्यातलं मला सर्वांत पटलेलं उदाहरण हवाई वाहतूक नियंत्रकांचं. समोर रडार असूनही ते प्रत्येक विमानासाठी कागदाची एक अरुंद पट्टी ठेवत. उंची बदलली की पेनाने खूण. एखादं विमान अडचणीचं वाटलं की त्याची पट्टी रांगेतून जराशी तिरकी सरकवायची. शेजारच्याला न बोलता कळे. हेच सॉफ्टवेअरमध्ये करायचं तर आम्ही आधी त्या तिरकेपणाला नाव देतो, मग ड्रॉपडाउन करतो, आणि त्यात शेवटी 'इतर' घालतो. पट्टीला "काहीतरी खटकतंय" एवढंच पुरत होतं.

अ‍ॅपलचा न्यूटन १९९३ साली आला. पेनाने लिहा, मी त्याची टाइप केलेली अक्षरं करतो, म्हणाला. पण तो शब्द भलतेच ओळखायचा आणि माणूस विचार सोडून दुरुस्त्या करत बसायचा. नंतर ओळख बरीच सुधारली, तोवर नाव बदनाम झालं होतं. १९९८ साली तो बंद झाला.

आजची अ‍ॅप्स अक्षर नीट वाचतात, पण लगेच विचारतात: फोल्डर कुठला, टॅग काय? म्हणजे रफ काम चालू असतानाच फेअर वही मागतात. अर्धवट विचाराला फोल्डर नसतो. लोक कंटाळून सोडून देतात आणि वर स्वतःलाच आळशी म्हणतात, हे मला पटत नाही. घरभाड्याच्या पावत्या मात्र मी फोनमध्येच ठेवतो. त्या शोधायच्या असतात, त्यांच्यावर विचार करायचा नसतो.