‘प्रकल्प’ : एका संज्ञेचा अर्थप्रवास

‘आधुनिकतेचा प्रकल्प’ ही शब्दसंहती मराठी समीक्षेत रुळली, तिच्यामागे आधुनिकतेला ‘अपूर्ण प्रकल्प’ ठरविणारे हाबरमास यांचे १९८० मधील व्याख्यान आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८३ साली, भंडारा जिल्ह्यातील वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणास मंजुरी मिळाली. विचारव्यूह आणि धरण या दोहोंना एकच संज्ञा लागू होत असेल, तर तिचा इतिहास तपासणे अगत्याचे ठरते.

इंग्रजी ‘प्रोजेक्ट’चे मूळ ‘पुढे फेकणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. सतराव्या शतकात ‘प्रोजेक्टर’ म्हणजे योजनांचे आमिष दाखविणारा भामटा. बेन जॉन्सनच्या १६१६ मधील नाटकात असाच एक इसम पाण्याखालची जमीन कोरडी करून देण्याच्या थापा मारतो. डिफोने १६९७ मध्ये या शब्दाला प्रतिष्ठा देऊ पाहिली; स्विफ्टने १७२६ मध्ये त्याची पुन्हा टर उडविली. पुढे शासनसंस्थेने शब्द आपलासा केला आणि त्यातील संशय ओसरला. जॉन्सनचा प्रकल्प बुडालेली जमीन वर काढणार होता. गोसीखुर्दच्या प्रकल्पाने ‘बुडीत क्षेत्र’ निर्माण केले.

मराठी ‘प्रकल्प’ हा ‘कल्पना’ आणि ‘संकल्प’ यांचा सगोत्र. त्यात रचना आहे, फेकणे नाही. ती उणीव ‘प्रकल्पग्रस्त’ या समासाने भरून काढली. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. ग्रहणात सूर्यचंद्र ग्रस्त होतात. महाराष्ट्राच्या १९७६ च्या पुनर्वसन कायद्याच्या इंग्रजी शीर्षकात ‘डिस्प्लेस्ड’ असलेली व्यक्ती १९८६ च्या कायद्यात ‘अफेक्टेड’, म्हणजे ‘बाधित’, झाली. व्याप्ती वाढली, पण स्थानभ्रष्टतेचा उच्चार लोपला. लोकव्यवहाराने मात्र ‘ग्रस्त’ सोडला नाही. तो सरकारी प्रमाणपत्रावरही उमटला. ज्याचे गाव गेले, त्यालाच आपले ग्रस्तपण कागदाने सिद्ध करावे लागले.

हाबरमासच्या मांडणीत ‘अपूर्ण’ हे विशेषण आशेचे आहे. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ ची, राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा २००९ चा; तेव्हाही काम अपुरेच होते. ग्रहणाला मोक्षकाळ असतो. या ग्रस्ततेला तो कोणी नेमून दिला नाही. म्हणून ‘आधुनिकतेचा प्रकल्प’ असे लिहिताना त्याचे ‘ग्रस्त’ कोण, हा प्रश्न समीक्षेला टाळता येत नाही. तो विचारण्याची सोय इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक आहे.