वटसावित्रीव्रतांतील वट

ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमेस महाराष्ट्रांतील सुवासिनी उपवास करून वडाची पूजा करतात, त्यास सूत गुंडाळतात व पतीस दीर्घायुष्य मागतात. या व्रताचें मूळ म्हणून सावित्रीच्या आख्यानाकडे बोट दाखविलें जातें. द्रौपदीसारखी दुसरी पतिव्रता आपण पाहिली किंवा ऐकली आहे काय, या युधिष्ठिराच्या प्रश्नावर मार्कंडेयानें तें वनपर्वांत सांगितलें आहे. परंतु त्यांत वड कोठें आहे ?

मूळ ग्रंथ पाहतां असें आढळतें कीं, लांकडें फोडतांना सत्यवानास मस्तकशूळ उठला, तेव्हां सावित्री त्याचें मस्तक मांडीवर घेऊन भूमीवर बसली. तेथें वडाचा निर्देश नाहीं. परतीच्या वाटेची खूण सांगतांना वृक्षाचें नांव येतें, पण तें पळसाचें. व्रताचा उल्लेख मात्र स्पष्ट आहे. पतीचें मरण चार दिवसांवर आलें असतां तिनें त्रिरात्र व्रत धरलें व ती अहोरात्र उभी राहिली. तेव्हां त्रिरात्र उपोषण हा आख्यानमूलक अंश, व वटपूजन हा त्यास मागाहून जोडलेला अंश, असें म्हणणें प्राप्त होतें. व्रताच्या नांवांत हे दोन्ही अंश एकत्र आले आहेत.

काशीनाथ उपाध्यायांच्या धर्मसिंधूंत (इ. स. १७९०) त्रयोदशीपासून तीन दिवस उपवास सांगितला असून, अशक्तांस त्रयोदशीस नक्त, चतुर्दशीस अयाचित व पौर्णिमेस उपोषण अशी सवलत दिली आहे. आज बहुधा शेवटचा दिवसच पाळला जातो. उत्तर हिंदुस्थानांत हें व्रत ज्येष्ठ अमावास्येस करतात. परंतु तेथील मास पौर्णिमान्त असल्यामुळें ती आपली वैशाखी अमावास्या होय.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. यम संतुष्ट झाला तो सावित्रीच्या धर्मयुक्त वाणीनें. तिनें प्रथम सासऱ्याची दृष्टि, नंतर त्याचें राज्य, मग पित्यास शंभर पुत्र मागितले. पुढें सत्यवानापासून स्वतःस शंभर पुत्र मागून, पतीवांचून हा वर खरा कसा व्हावा, असें तिनें यमासच विचारलें. उपवासानें तिचा निश्चय दिसला. पति परत आणला तो तिच्या बुद्धीनें.

हल्लीं शहरांतून वडाच्या फांद्या तोडून बाजारांत विकतात व त्या घरीं आणून पुजतात. ज्याच्यापाशीं आयुष्य मागावयाचें त्याचेच अवयव तोडावे, हें व्रताच्या हेतूस विरुद्ध आहे. वड जवळ नसेल तिनें उपोषण करून आख्यान वाचावें. मूळ कथेशीं तेंच अधिक जुळेल.