विजय म्हणजे समता नव्हे

समाज दोन विरोधी शक्तींमध्ये विभागलेला आहे, त्यांच्या झगड्यातूनच इतिहास पुढे सरकतो आणि शोषितांचा अंतिम विजय झाला की समता येते, या विचाराने कोट्यवधी माणसांना आशा दिली. ती आशा खोटी होती, असं मी म्हणणार नाही. पण या मार्गाने माणूस माणसाच्या बरोबरीला येतो का, हे इतिहासालाच विचारायला हवं. त्यासाठी आधी आपल्या गिरणगावात जाऊ या.

१९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर मुंबईच्या कापड गिरण्या बंद होत्या. सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. श्रीपाद अमृत डांगे आदी कम्युनिस्ट पुढाऱ्यांची गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला मजूर. अगदी पोथीत लिहिल्यासारखं चित्र!

पण त्याच गिरण्यांच्या विणकाम खात्यात, जिथं मजुरी चांगली मिळे, तिथं अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला आपलं तोंड कसं लावायचं, म्हणून सवर्ण कामगारांचा विरोध. म्हणजे हे दार बरोबरच्या मजुरानेच अडवलं होतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांना बजावलं, की सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मान्य करा, नाहीतर मी त्यांना संपात उतरू नका असं सांगेन. पुढाऱ्यांनी नाखुशीने ही मागणी घेतली. त्यावर मालकांनी त्यांनाच सुनावलं, की हा अन्याय असेल तर त्याला जबाबदार आम्ही नाही! मालक काही समतेचे कैवारी नव्हते. पण या उत्तराने एक गोष्ट उघडी पडली. जगाकडे दोनच बाजू म्हणून पाहिलं, की आपल्या बाजूच्या आतली विषमता दिसेनाशी होते. कुणी दाखवली तर तो फूट पाडतो, असं वाटू लागतं.

जिथं हा झगडा जिंकला गेला, तिथं तरी काय झालं? रशियात १९१७ मध्ये क्रांती झाली. पुढच्याच वर्षीच्या राज्यघटनेने नफ्यासाठी मजूर लावणारे, खासगी व्यापारी, धर्मोपदेशक अशांचा मताधिकार काढून घेतला. पुढे त्याची झळ त्यांच्या मुलांच्या शिक्षणालाही लागली. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणं आपल्याला अपरिचित नाही. इथं ते समतेच्या नावाने चाललं होतं. १९३६ च्या घटनेने ही कलमं गेली, सत्ता मात्र पक्षाच्याच हाती राहिली. युगोस्लाव्हियाच्या क्रांतीत स्वतः लढलेल्या मिलोव्हान जिलास यांचं ‘नवा वर्ग’ हे पुस्तक १९५७ मध्ये प्रसिद्ध झालं. क्रांतीनंतर पक्षाचे अधिकारीच नवा सत्ताधारी वर्ग बनतात, हे त्यांनी त्यात दाखवलं. तुरुंगवास त्यांच्या वाट्याला आला.

मग झगडाच नको का? तसं मुळीच नाही. १९२७ साली महाडचं तळं आपणहून खुलं झालं नाही; त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. १९३८ च्या नोव्हेंबरात कामगारविरोधी विधेयकाविरुद्ध आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. तेव्हा प्रश्न झगड्याचा नाही, झगड्यानंतरच्या जगाचा आहे. महाडला मागितला होता पाण्यावरचा समान हक्क. त्या तळ्यावरून दुसऱ्याला हाकलून द्यायचं नव्हतं. प्रतिपक्षालाही उद्या त्याच काठावर जागा होती.

१९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना बाबासाहेबांनी हेच सूत्र मांडलं. दुःखनिवारणाचं ध्येय दोघांचं, पण हिंसा आणि हुकूमशाहीचा मार्ग त्यांना मान्य नव्हता. समतेसाठी स्वातंत्र्य आणि बंधुता यांचा बळी देता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

मला वाटतं, विरोधावर उभी राहिलेली विचारसरणी अन्यायाची व्यवस्था मोडू शकते, आणि ते काम लहान नाही. पण समतेला आणखी एक गोष्ट लागते. ज्याच्या तोंडचा धोटा आपल्या तोंडाला लावायचा, तो आपलाच भाऊ आहे, हे आतून पटावं लागतं. ते कुठल्याही विजयाबरोबर आपोआप येत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)